एका बोटाची जागा

सकाळी साडेसहा. नागपूरच्या धरमपेठेत जानेवारीची थंडी बोचते आहे. पोर्चमध्ये दोन जुन्या गाद्यांवर १७ फुटी सी-कयाक टेकवली आहे, फायबरची, सेकंडहँड. भाची पुढच्या महिन्यात ती घेऊन मालवणच्या समुद्रात उतरणार. कॉकपिट मात्र आधीच्या मालकाच्या अंगाचं आहे, त्यात ती नुसती डुगडुगते. आजचा दिवस त्यासाठी.

पावणेआठ. ती आत बसते, मी टॉर्च धरतो. कयाक बुटासारखी अंगात घालायची असते. चवडे पायटेकूंवर, गुडघे जरा वाकून बाहेर पसरलेले, मांड्या डेकला खालून लागलेल्या, कमरेला दोन्ही बाजूंनी आधार. हे जुळलं की कंबर वळवताच होडी वळते. दोन वर्षांपूर्वी मी समुद्रात उलटलो, तेव्हा मांड्यांना टेकायला काही नव्हतं. जोर लावून हिसडा दिला, तर मीच आतल्या आत घसरलो; होडी उलटीच राहिली. ते खारं पाणी मी विसरलेलो नाही.

साडेनऊ. शेजारच्या काकू फाटकाशी थांबतात.

"हे काय करून राहिले भाऊ? पुन्हा पाणी येते का काय?"

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि बचाव पथकांनी बोटींतून माणसं बाहेर काढली. इथे बोट दिसली की तीच पहाट आठवते. मी मालवणचं सांगतो.

"पोहता येते ना पोरीला?"

"येते, काकू."

तरी त्या होडीवर हात ठेवून जराशा उभ्या राहतात.

दहा ते दीड, नुसता फोम. गादीवाल्याकडचा चालत नाही, तो पाणी पितो. चपलांच्या तळव्याला असतो तसला घट्ट ईव्हीए फोम लागतो. ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने तो सरळ कापला जातो, मग पॉलिश पेपरने गोलाई आणायची. जरा घासायचं, तिला बसवायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासलं गेलं की तुकडा वाया. तसे दोन गेले. अवघड काम कमरेच्या पॅडचं. तिथे मी प्रत्येक बाजूला एक बोट शिरेल एवढी फट ठेवतो. ती चवड्यांवर जोर देते तेव्हा मांड्या घट्ट बसाव्यात आणि पाय सैल सोडले की अंग सुटावं. ओल्या कपड्यांत, डोकं पाण्याखाली असताना अडकून राहण्यापेक्षा थोडं सैल बरं.

अडीच. फायबर घासून, स्पिरिटने पुसून घेतलं. सोल्युशन दोन्हीकडे लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. थंडीत वेळ लागतो. पॅड एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद धरून जागा जुळवतो आणि कागद हळूच ओढून घेतो. छपरांवर पतंग उडताहेत. भाची एकदाही वर बघत नाही.

चार. सीटची पुढची कड मांडीला काचली की तासाभरात पाय बधिर होतात, आणि बधिर पायांनी लाटांत उतरणं वाईट. कडेपुढे फोमची उतरती पाचर ठेवली. कौस्तुभ खाडे यांनी पश्चिम किनाऱ्याचे सुमारे ३,००० किलोमीटर कयाकने कापले. त्यांचं नाव निघालं की मला लाटांआधी इतक्या दिवसांची ती बैठक आठवते. पाठीचा पट्टा कॉकपिटच्या कडेखाली बांधला, मागे रेलताना मणक्याला लागू नये म्हणून.

सहा. कॉकपिटचं तोंड झाकणारा स्प्रे-स्कर्ट चढवला. त्याची ओढायची पट्टी बाहेर, समोरच आहे ना, हे मी पाहतो, मग ती पाहते. होडी हळूच गादीवर आडवी केली. ती डोळे मिटते, कडेवरून हात फिरवत पट्टी शोधते, ओढते, दोन्ही हातांनी कड ढकलून बाहेर सरकते. डावा बूट पायटेकूत अडकला.

"मामा, परत."

लेस बुटात खोचून परत. पाचव्यांदा बूट अडकत नाही. उद्या दिवसभर सोल्युशन वाळू द्यायचं, परवा पोहण्याच्या तलावात नेऊन खरोखर उलटं करायचं.

"परत," ती म्हणते. अंधार पडलाय. मी पोर्चचा दिवा लावतो.