हातकामाचा माल ऑनलाइन दुकानात कसा मांडावा?

आपल्या बुऱ्हाणपुरात हातकाम जाणणाऱ्या घरांची वाण नाही. शहरात जरीचे व भरतकामाचे जाणकार आहेत. आसपासच्या खेड्यांत बचत गटांच्या भगिनी, केळीचा घड उतरल्यावर जे खोड फेकून दिले जाते त्यातून धागा काढून पिशव्या, चटया व टोपल्या करतात. हा माल आज मोबाईलवरून दूरच्या गिऱ्हाइकास विकता येतो. परंतु पुष्कळ वेळा माल उत्तम असूनही पडून राहतो. त्याचे कारण उघड आहे. बाजारात गिऱ्हाईक वस्तू हातात घेते, उलटून पाहते, चार प्रश्न विचारते. ऑनलाइन दुकानात त्याच्यापुढे असतात फक्त छायाचित्रे आणि थोडा मजकूर. तेव्हा त्याच्या मनातील प्रश्नांची उत्तरे या दोहोंनीच द्यावयाची असतात.

ही गोष्ट आपल्या गावाला अगदीच नवी नाही. तावेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात येथे येऊन गेला. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने बुऱ्हाणपूरच्या कापडाविषयी लिहिले आहे. कापड किती पारदर्शक आहे, त्यावर फुले कशी रंगवलेली आहेत, सोन्यारुप्याचे काम कोठे आहे, त्याच्या ओढण्या होतात की चादरी, आणि ते इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत कसे जाते, हे सारे त्यात आले आहे. नुसते ‘सुंदर’ म्हणून तो थांबत नाही, म्हणूनच न पाहिलेले कापडही आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते.

हाच धडा आपण घ्यावा. ‘सुंदर टोपली, उत्तम क्वालिटी’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘केळीच्या धाग्याची हातविणीची टोपली. तोंड २५ सेंटिमीटर, उंची १८ सेंटिमीटर, वजन ४०० ग्रॅम. रंग नैसर्गिक. भाजी, फळे वा लोकरीचे गुंडे ठेवण्यास उपयोगी. ओल्या जागी ठेवू नये. कोरड्या फडक्याने पुसावी.’ शीर्षकात प्रथम वस्तूचे नाव यावे आणि तेही गिऱ्हाईक शोधताना जो शब्द लिहील तोच. कोणी ‘टोपली’ लिहील, कोणी ‘डलिया’, कोणी ‘बास्केट’. मजकुरात तिन्ही शब्द सहज आले तर वस्तू सापडणे सोपे जाते.

जरीच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली ती खरी जर. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली ती नकली. आणि चकचकीत प्लास्टिकच्या पट्टीची तिसरी. तिन्हींना आपापले गिऱ्हाईक आहे, पण तिन्हींना नुसते ‘जर’ म्हणून विकणे ही फसवणूक होय. जरीच्या वस्त्राची किंमत धातूच्या शुद्धतेवर ठरते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात येथील तार ओढण्याचे काम सरकारी देखरेखीखाली चाले. आज ती देखरेख नाही. तिची जागा आपल्याच खऱ्या शब्दाने घेतली पाहिजे.

छायाचित्रासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळच्या उजेडात, ओसरीवर किंवा खिडकीजवळ, साध्या एकरंगी कापडावर वस्तू ठेवावी. फ्लॅश वापरू नये. जरीवर तो पडला की नक्षीऐवजी चकाकीच दिसते. एक चित्र समोरून, एक मागून, एक आतून, एक विणीचे अगदी जवळून घ्यावे. शेवटचे चित्र वस्तू हातात धरून घ्यावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. पिशवी असेल तर बंद जेथे शिवला आहे तो सांधा अवश्य दाखवावा. ती टिकेल की नाही हे गिऱ्हाईक तेथेच पाहते.

हातकामात दोन नग तंतोतंत सारखे होत नाहीत. रंगात वा मापात थोडा फरक पडतो, तो लपवू नये. पैगंबरसाहेबांची एक कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तो आत धान्य भिजलेले लागले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. आजचा कायदाही त्याच वाटेने जातो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वर्णनाशी न जुळणारा अथवा सदोष माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. तसेच स्वतःच गिऱ्हाईक बनून आपल्या मालाची स्तुती लिहिण्यासही मनाई आहे.

किंमत ठरविताना आपल्या भगिनी बहुधा स्वतःची मजुरीच धरत नाहीत. उदाहरणार्थ, सामान १४० रुपये, पाच तासांची मजुरी ताशी ६० प्रमाणे ३००, बांधणी ४०, एकूण ४८० रुपये. ऑनलाइन बाजाराचे कमिशन २० टक्के आहे असे धरू. ४८० वर २० टक्के चढवून ५७६ किंमत लावली, तर कमिशन ५७६ वर कापले जाईल आणि हाती ४६० रुपये ८० पैसेच येतील. म्हणून ४८० ला ०.८० ने भागावे. किंमत ६०० येते. हे एकोणीस-वीस रुपये प्रत्येक नगामागे मजुरीतूनच जातात, हे ध्यानात ठेवावे. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या ‘इंडिया हँडमेड’ या २०२३ साली सुरू झालेल्या बाजारात कारागिरांकडून कमिशन न घेण्याचे धोरण आहे. तिकडेही चौकशी करावी.

आणखी दोन नियम. बांधीव मालाच्या नोंदीत निर्मात्याचे नाव-पत्ता, नग वा वजन, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे १ जानेवारी २०१८ पासून आवश्यक आहे. तसेच १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारात विक्रीची सवलत मिळाली आहे, पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच. आपले गाव सीमेवरचे. रावेर-जळगाव हाकेच्या अंतरावर असले तरी कायद्याने ते परराज्य आहे. म्हणून आधी जाणकार कर-सल्लागारास विचारावे.

ज्या घरात आई विणते, त्या घरात मोबाईल चालविणारा मुलगा वा मुलगी बहुधा असतेच. आईने माहिती सांगावी, मुलांनी मोजमाप करून ती शुद्ध भाषेत लिहावी. असे दहा घरांत झाले, तरी दहा भगिनींच्या श्रमाचे मोल त्यांच्याच हाती पडेल. संस्थेच्या या आनंदाच्या वर्षी सभासदांनी आपल्या घरातील एका वस्तूपासून तरी हे काम सुरू करावे, अशी विनंती आहे.