कर्नल बिल्ड करायचाय? आधी पेनड्राइव्ह लावा

मंडळी, जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचा कर्नल स्वतः बिल्ड करायला बसलात आणि उबुंटूची कॉन्फिग जशीच्या तशी घेतलीत, तर रात्र संपेल पण बिल्ड नाही. ती कॉन्फिग कुठल्याही मशीनवर चालावी म्हणून केलेली, त्यामुळे त्यात हजारो ड्रायव्हर. वसई-विरारला मध्येच लाइट गेली की बॅटरीचं टेन्शन वेगळंच!

उपाय आहे 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. ही कमांड आत्ता लोड झालेली मॉड्यूल ठेवते, बाकीची बंद करते. गोम त्या 'आत्ता'मध्ये आहे. पेनड्राइव्ह, वेबकॅम, फोनचं यूएसबी टेदरिंग त्या क्षणी जोडलेलं नसेल, तर त्याचा ड्रायव्हर गेलाच समजा. म्हणून आधी सगळं लावा, मग कमांड.

पुढे 'मेन्यूकॉन्फिग'. 'वाय' म्हणजे कर्नलच्या पोटात, 'एम' म्हणजे लागेल तेव्हा लोड, 'एन' म्हणजे नाहीच. तुमची रूट डिस्क ईएक्सटी४ असेल आणि तिलाच 'एन' दिलंत, तर सिस्टिम बूटच होणार नाही. त्यामुळे जुना कर्नल ग्रबच्या यादीत राहू द्या. आणि 'लोकलव्हर्जन'मध्ये स्वतःचं काहीतरी नाव टाका, 'विरारफास्ट' टाकलंत तरी चालेल. नाहीतर त्याच व्हर्जनचा पुढचा बिल्ड आधीच्या मॉड्यूलवरच जाऊन बसतो.