इंजिनची ताकद वाढवली, मग रॉडचे बोल्टही बदलायचे का?

दीपनगरला औष्णिक वीज केंद्राची राख भरायला बल्कर रांगेत उभे असतात, तेव्हा ड्रायव्हर-मालकांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. कुणी गाडीचा ईसीयू रिमॅप केलेला असतो, कुणी ट्रॅक्टरचा पंप वाढवलेला असतो. मग कुणीतरी म्हणतं, "भाऊ, पॉवर वाढवली ना, मग रॉडचे बोल्ट पण हेवी टाक, नाहीतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल." ऐकायला पटतं. पण त्यात अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी खिशाला मोठी कात्री लागू शकते.

आधी बोल्टचं काम काय ते बघू. कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक, म्हणजे बिग एंड, दोन तुकड्यांचं असतं. वरचा भाग रॉडचा, खालची कॅप. क्रँकपिनभोवती हे दोन तुकडे आवळून धरतात ते दोन बोल्ट. (स्प्लेंडरसारख्या छोट्या बाइकमध्ये रॉड एकसंध असतो, क्रँकच प्रेसने जोडलेला असतो. तिथे बोल्टच नाहीत, त्यामुळे प्रश्नही नाही.)

आता गंमत बघा. डिझेल पेटतं तेव्हा पिस्टन खाली ढकलला जातो, म्हणजे रॉड दाबला जातो. तो दाब रॉडमधून थेट क्रँकपिनवर जातो, बोल्टवर येत नाही. बोल्ट ताणला जातो तो उलट वेळी: एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना पिस्टन वर भरधाव गेलेला असतो आणि रॉडला त्याला थांबवून परत खाली ओढायचं असतं. त्या क्षणी वर स्फोट नसतो, आधार नसतो. सगळी ओढ कॅपवर, म्हणजे बोल्टवर.

ही ओढ पॉवरवर नाही, आरपीएमवर ठरते, आणि तीही वर्गाच्या हिशेबाने. आरपीएम दुप्पट, तर ओढ चौपट.

आकडे मांडूनच बघू. आपल्याकडे भरपूर खपलेलं मारुती स्विफ्टचं १.३ लिटर डिझेल इंजिन घ्या. बोअर ६९.६ मि.मी., स्ट्रोक ८२ मि.मी., ७५ पीएस ताकद ४,००० आरपीएमला. पिस्टन, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून ८०० ग्रॅम धरू (हा आकडा हिशेबापुरता). ४,००० आरपीएमला ओढ येते साधारण साडेसातशे किलो. सिलिंडरमध्ये १५० बारचा दाब धरला, तर पेटताना रॉडवर दाब येतो पावणेसहा टनांच्या आसपास. रिमॅपने वाढतो तो हा दुसरा आकडा. टॉर्क दोन-तीन हजार आरपीएमच्या पट्ट्यात वाढतो, वरची मर्यादा बहुतेक तिथेच राहते. म्हणजे ताण रॉडच्या दांड्यावर, बेअरिंगवर, पिस्टनवर, हेड गॅस्केटवर येतो. बोल्टला फारसं कळतही नाही.

पण हेच इंजिन ५,००० आरपीएमला फिरवलं, तर साडेसातशेचे जवळपास १,२०० किलो होतात. बोल्टची खरी परीक्षा इथे आहे.

आणि ५,००० ला जायला रिमॅप लागतच नाही. घाट चढून गेलेला ट्रक परत उतरताना बघा. माल भरलेला, ब्रेक तापलेले, ड्रायव्हरने घाईत दोन गिअर खाली टाकले. आता चाकं इंजिनला फिरवतात. गव्हर्नर डिझेल बंद करू शकतो, फिरणं थांबवू शकत नाही. आरपीएम लाल पट्ट्याच्या पार. अशा एका उताराने बोल्ट कायमचा ताणला जाऊ शकतो, आणि मग तो तुटतो कधीतरी भलत्याच दिवशी, सपाट रस्त्यावर.

मग हेवी बोल्ट कधी टाकायचे? आरपीएमची मर्यादा वाढवणार असाल, पिस्टन जड बसवणार असाल, किंवा गाडी शर्यतीसाठी बांधत असाल तर जरूर. १२.९ ग्रेडच्या बोल्टची ताणशक्ती १,२०० मेगापास्कलच्या घरात असते, एआरपी २००० सारख्या रेसिंग बोल्टची १,५०० च्या वर. फरक मोठा आहे. पण नुसते जुने काढून नवे घातले असं चालत नाही. जास्त आवळला की बिग एंडचं भोक किंचित लंबगोल होतं. म्हणून नवे बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळून भोक मोजावं लागतं, गरज पडल्यास होनिंग करून पुन्हा गोल करावं लागतं. हे ज्याच्याकडे बोअर गेज आहे त्याच्याकडेच करा. आजकालच्या अनेक इंजिनांत रॉड मुद्दाम तडकवून कॅप वेगळी केलेली असते. तिची कॅप घासून भोक लहान करायची जुनी युक्ती तिथे चालत नाही. घासली की तो खडबडीत जोड गेला, रॉड भंगारात.

बाकीच्यांनी काय करायचं? इंजिन उघडलंच असेल तर कंपनीचेच नवे बोल्ट टाका. बऱ्याच इंजिनांत टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायला सांगितलेलं असतं. असे बोल्ट आवळतानाच ताणले जातात, म्हणून ते एकदाच वापरायचे असतात. "जुने चांगले दिसताहेत" हे ऐकू नका. डोळ्यांना दिसणारी ती गोष्टच नाही. रेसिंग बोल्टची लांबी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी जरी वाढली तरी तो बाद धरतात.

टॉर्क रेंचही आंधळेपणाने वापरू नका. लावलेल्या जोरापैकी ९० टक्क्यांच्या आसपास आटे आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. कोरडा बोल्ट आणि तेल लावलेला बोल्ट यांना एकाच टॉर्कला वेगवेगळी आवळण मिळते. मॅन्युअलमध्ये तेल सांगितलं असेल तर तेल, नसेल तर नाही.

शेवटी, रॉड बाहेर आला की सगळे तुटलेल्या बोल्टकडे बोट दाखवतात. आधी बेअरिंग शेल बघा. ते जळून निळं-काळं पडलं असेल, पिनला चिकटलं असेल, तर तेल कमी पडून बेअरिंग धरलं आणि बोल्ट नंतर तुटला. दीपनगरच्या मार्गावर हे जास्त संभवतं, कारण राखेत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असतं. फाटक्या एअर फिल्टरमधून ती आत गेली की तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते. राखेच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला आधी चांगला एअर फिल्टर आणि वेळेवर ऑइल बदली. रेसिंग बोल्टचा खर्च त्यानंतर, आणि तोही लागलाच तर.