लिंच सिंड्रोम : आनुवंशिक कर्करोगाचा धोका आणि ग्रामीण कुटुंबाची वंशावळ
(विशेष संदर्भ : बारामती व इंदापूर तालुके)

प्रस्तावना :
कर्करोगाची कारणे सांगताना तंबाखू, कीटकनाशके व दूषित पाणी यांचा उल्लेख ग्रामीण भागात प्रथम होतो. एकाच घरात पिढ्यानपिढ्या हा रोग आढळला, तर त्यास ‘घराण्याचा दोष’ मानून मौन पाळले जाते. या मौनामुळे टाळता येण्याजोगे मृत्यू ओढवतात. प्रस्तुत लेखात लिंच सिंड्रोम या आनुवंशिक अवस्थेचे स्वरूप आणि बारामती-इंदापूर परिसरातील कुटुंबरचनेशी असलेला तिचा संबंध स्पष्ट केला आहे.

स्वरूप व कारणे :
१८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने आपल्या घरातील कर्करोगांची हकिकत डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितली. त्यांनी १९१३ मध्ये त्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६६ पासून डॉ. हेन्री लिंच यांनी हे संशोधन पुढे नेले.

पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल होताना काही चुका राहतात. त्या दुरुस्त करण्याचे काम एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ व पीएमएस२ ही जनुके करतात. यांपैकी एकात जन्मजात दोष असल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. पहिल्या दोन जनुकांत दोष असल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका निम्म्याच्या जवळपास असतो. स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत असतो. दोष असलेल्या पालकाकडून प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के असते. अपत्य मुलगा असो वा मुलगी.

वंशावळीतील उणीव :
नेमका येथेच आपल्या समाजात प्रश्न उद्भवतो. आपल्याकडील वंशावळ पुरुषांच्या नावांनी चालते. बारामतीची लेक इंदापूरला नांदावयास गेली की तिच्या आजाराची नोंद माहेरी राहत नाही आणि आईकडील आजार मुलांना ठाऊक नसतात. ‘पिशवी काढली’ एवढेच सांगितले जाते. ती कशासाठी काढली, हे कळत नाही. विवाह जुळविताना अडचण येईल, या भीतीनेही आजार लपविले जातात.

मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा येथे आणखी एक धोका निर्माण करते. दोन्ही पालकांत एकाच जनुकाचा दोष असल्यास अपत्यास दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा अपत्यास बालपणीच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग होऊ शकतो.

निदान व प्रतिबंध :
१९९९ च्या सुधारित ॲमस्टरडॅम निकषांनुसार, संबंधित कर्करोग झालेले तीन नातेवाईक, त्यांपैकी एक इतर दोघांचा अगदी जवळचा (माता-पिता, भावंड किंवा अपत्य), दोन सलग पिढ्या आणि एकाचे निदान पन्नाशीपूर्वी, असे चित्र असल्यास संशय घ्यावा. प्रथम रुग्णाच्या गाठीच्या जतन केलेल्या नमुन्याची व नंतर रक्ताची तपासणी केली जाते. म्हणून शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल जपून ठेवणे आवश्यक ठरते. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय व त्याचे खारघर येथील केंद्र यांत जनुकीय समुपदेशनाची सोय आहे.

एमएलएच१ व एमएसएच२ मध्ये दोष आढळल्यास साधारणतः वयाच्या २० ते २५ वर्षांपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागते. तीत आढळणारे मोड कर्करोगात रूपांतरित होण्यापूर्वीच काढता येतात. ज्यांच्यात कुटुंबातील ज्ञात दोष आढळत नाही, त्यांची या जादा तपासण्यांतून सुटका होते.

निष्कर्ष :
दोष असणे म्हणजे रोग असणे नव्हे. तो वेळीच कळल्यास संरक्षण शक्य होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत व जीवशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांकडून माहेर-सासर अशा दोन्ही बाजूंची आरोग्य-वंशावळ तयार करून घेता येईल. मात्र ती माहिती गोपनीय राहील, याची जबाबदारी प्राध्यापकांनी स्वीकारली पाहिजे. त्याशिवाय कुटुंबे बोलती होणार नाहीत.