घडी घालून न्यायचं घर

लेहमध्ये 1 नोव्हेंबर 2024 रोजी ‘हॅब-1’ची मोहीम सुरू झाली. परग्रहावर राहण्याची रंगीत तालीम पृथ्वीवरच करून पाहण्याची ही भारतातली पहिली खेप. इस्रोचं मानवी अंतराळ उड्डाण केंद्र, अहमदाबादचा आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून ती केली.

‘हॅब-1’ हे घर हवा भरून फुगवायचं. आत एक माणूस 21 दिवस एकटा राहिला. पलंग, संडास, स्वयंपाकाचा ओटा आणि सामानाचा खण. तो खण बाहेर ओढला की त्याचंच कामाचं टेबल व्हायचं. मला या सगळ्या प्रकल्पात हा खणच सर्वांत मोलाचा वाटतो. डोंबिवलीच्या एका खोलीत वाढलेल्या कुणालाही तो लगेच कळेल: दिवसा अभ्यासाची जागा, रात्री अंथरुणाची. अवकाशातल्या घराचा अवघड भाग हाच आहे आणि तो वास्तुशिल्पींचा आहे.

ह्यूस्टन विद्यापीठात 1987 पासून अवकाश वास्तुकलेचं केंद्र आहे. पण या कामातली माझी सर्वांत आवडती वस्तू डेन्मार्कची. सेबास्टियन अरिस्टोटेलिस आणि कार्ल-योहान सोरेन्सन या दोन तरुणांनी ‘लुनार्क’ नावाचं घर ओरिगामीच्या घड्यांवर बेतलं. मिटल्यावर ते जेमतेम 3 घनमीटर, उघडल्यावर सुमारे 17. भिंती कार्बन फायबरच्या कडक फळ्यांच्या, मधले सांधे मात्र दुमडणारे. 2020 साली उत्तर ग्रीनलंडच्या थंडीत दोघं स्वतः त्यात 60 दिवस राहिले. आतला दिव्यांचा पडदा सूर्योदय, ढगाळ दुपार, संध्याकाळ असे प्रकाश बदलत राही, कारण एकसुरी उजेडात माणसाची झोप आणि मन दोन्ही बिघडतं.

चंद्रावर याहून कठीण परीक्षा आहे. बाहेर हवाच नाही. आत पृथ्वीइतका दाब ठेवला, तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे 10 टनांचा रेटा येतो. सपाट भिंत फुगून फाटेल, म्हणून गोलाई घ्यावीच लागते. लेह-ग्रीनलंडला ही कसोटी लागली नाही. तिथे तपासली गेली ती राहणी, आणि तीही तितकीच महत्त्वाची. ऑगस्ट 2025 मध्ये लडाखच्याच त्सो कारला प्रोटोप्लॅनेट कंपनीने 8 मीटर आणि 5 मीटर व्यासाची दोन घरं जोडून पुढची पायरी गाठली. तिथे दोघं 10 दिवस राहिले.

असं घर बांधून त्यात राहून बघणं आपल्याकडेही जमेल. ठाणे-कल्याण पट्ट्यातली वास्तुकलेची मुलं सबमिशनच्या आठवड्यात सनबोर्डाची मॉडेल्स छातीशी धरून लोकलच्या गर्दीतून वाट काढतात. हात तयार आहेत, डोकी तयार आहेत. पण मॉडेल शंभरपट लहान असतं, त्यात कुणी झोपून बघत नाही. वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंत फॅब्रिकेशनची वर्कशॉप्स आहेत. महाविद्यालयांनी एक सत्र पूर्ण मापाच्या, घडी घालता येणाऱ्या एका घरासाठी द्यावं. ते टेम्पोत मावावं, चार जणांना तासाभरात उभं करता यावं, आणि ऐन जुलैच्या पावसात ज्यांनी बांधलं त्यांच्यापैकीच दोघांनी त्यात आठवडाभर राहून काय जमलं नाही त्याची वही ठेवावी. गुण त्या वहीला द्यावेत.