मोठी राशी कोणती? ते किमतीवर ठरते

रोवणीच्या दिवसांत मौदा तालुक्यात धानाच्या बांधीत चिखलणीला ट्रॅक्टर लागतो. समजा, एक मालक तासाला 1000 रुपये सांगतो. दुसरा तासाला 800च घेतो, पण ट्रॅक्टर शेतापर्यंत आणण्याचे 600 वेगळे लावतो. स्वस्त कोण?

तासांना 'त' म्हणू. पहिल्याचे बिल 1000त, दुसऱ्याचे 800त + 600. या झाल्या दोन बैजिक राशी. काम दोन तासांचे असेल तर पहिल्याचे 2000 होतात, दुसऱ्याचे 2200. पाच तासांचे असेल तर पहिला 5000 घेतो आणि दुसरा 4600. तीन तासांवर दोघेही 3000. पहिल्या राशीतून दुसरी वजा केली की 200त − 600 उरते. ही वजाबाकी ऋण असेल तोवर पहिला स्वस्त, धन झाली की दुसरा. राशींची तुलना म्हणतात ती हीच. 'मोठी कोणती' एवढे विचारून भागत नाही, 'त'ची किंमत काय असताना, हेही विचारावे लागते.

शाळेत हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, याची मला खंत वाटते. राशी दिसली की मुले लगेच 'सोडवायला' बसतात आणि 3क्ष + 5 चे 8क्ष करून टाकतात. क्षच्या जागी 2 घाला. पहिली राशी 11 येते, दुसरी 16. एवढी पडताळणी केली तरी चूक स्वतःलाच सापडते.

काही राशी मात्र दिसायला वेगळ्या असूनही कायम समान असतात. मौद्याच्या एनटीपीसी औष्णिक वीज केंद्रात 500 मेगावॉटचे दोन आणि 660 मेगावॉटचे दोन संच आहेत. क्षमता 2अ + 2ब अशी मांडा की 2(अ + ब) अशी, 2320 मेगावॉटच येते. अ आणि ब कितीही बदला, दोन्ही राशी एकमेकींना सोडत नाहीत. पण कंसाबाहेरचा 2 फक्त अ ला गुणून 2अ + ब लिहिले, तर 660 मेगावॉटचा एक संच हिशेबातून गायब होतो.

मराठी मुलखाला ही विद्या परकी नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, तेव्हा ते 36 वर्षांचे होते. 'बीजगणित' हा त्याचाच एक भाग. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरवलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. अज्ञात संख्यांना ते यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देत आणि लिहिताना या, का, नी, पी ही आद्याक्षरे वापरत. ज्ञात संख्येसाठी रू. एका जातीची पदे एकत्र करायची, वेगळ्या जातीची वेगळी ठेवायची, असा त्यांचा नियम. आज सातवी-आठवीत सजातीय पदे म्हणून शिकवतात ते हेच.

त्यांचे एक उदाहरण तर आपल्या ट्रॅक्टरसारखेच आहे. एकाकडे 6 घोडे आणि 300 रुपये. दुसऱ्याकडे 10 घोडे, पण 100 रुपयांचे कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? जुन्या पद्धतीत या दोन बाजू एकाखाली एक मांडत: वर या 6 रू 300, खाली या 10 रू 100, आणि कर्ज दाखवायला त्या 100 वर टिंब. बरोबरचे चिन्ह नाही. ते रॉबर्ट रेकॉर्डने इंग्लंडमध्ये 1557 मध्ये छापले. पण दोन राशी अशा एकाखाली एक ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतो: 4 घोडे म्हणजे 400 रुपये, म्हणून घोडा 100 रुपयांचा.

पाठ्यपुस्तक इथे थांबेल, पण पुढचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. घोडा 80 रुपयांना असता तर? पहिल्याची संपत्ती 780, दुसऱ्याची 700. आणि 150 ला असता तर पहिला 1200 वर, दुसरा 1400 वर. समीकरणाचे उत्तर म्हणजे पारडे फिरते ती जागा. तिच्या अलीकडे-पलीकडे काय घडते, हे कळले की राशी समजली.

घरात सातवी-आठवीतले मूल असेल तर त्याला आज एवढेच विचारा: क्ष मोठा की क्षचा वर्ग? ते बहुधा वर्ग म्हणेल. मग क्षच्या जागी अर्धा घालायला सांगा, नंतर शून्य, नंतर उणे दोन. उत्तर तुम्ही सांगू नका. प्रत्येक किमतीसाठी दोन्ही राशी त्याला एकाखाली एक लिहू द्या.