मनी प्लांट : समज आणि लागवड

चाळीतील खोली असो की वसाहतीतील दोन खोल्यांचे घर, खिडकीत बाटलीतला मनी प्लांट बहुधा दिसतोच. त्याला अंगण लागत नाही की फारसा खर्च येत नाही. मात्र, दुसऱ्याच्या घरून न विचारता खुडून आणला तरच तो वाढतो आणि पैसा आणतो, असे चांगली शिकलेली माणसेही सांगतात. हा समज विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहावा, असे आम्हांला वाटते.

हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरचा. त्याचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. त्याला फुले क्वचितच येतात. फुलण्यासाठी आवश्यक असलेले जिबरेलिन हे संप्रेरक त्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. फूल नाही म्हणून बी नाही. त्यामुळे त्याची लागवड खोडाच्या तुकड्यांपासूनच करतात.

खोडावर जेथे पान फुटते ते पेर. तेथेच तपकिरी गाठीसारखे मुळाचे टोक असते आणि पानाच्या बगलेत डोळा असतो. उसाचे बेणे निवडताना शेतकरी डोळा पाहतो, तसेच हे आहे. पेरासह तोडलेली फांदी जगते, मग ती विकतची असो, मागून आणलेली असो वा चोरलेली. नुसते पान पाण्यात बरेच दिवस हिरवे राहील, पण त्यातून नवा वेल फुटणार नाही.

दोन-तीन पेरे असलेला तुकडा स्वच्छ कात्रीने पेराच्या थोडा खाली कापावा. खालचे पान काढून ते पेर पाण्यात बुडवावे. साधारण दोन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. ती दोन-तीन इंच झाली की तुकडा कुंडीत लावावा. तळाला भोके पाडलेला जुना डबाही चालतो. मातीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. हा वेल तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतो. मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडतात. उजेड हवा, पण दुपारचे कडक ऊन नको. फार अंधारात पानांवरचे पिवळे पट्टे फिके होतात.

दोन गोष्टींची काळजी प्रत्येक घराने घ्यावी. बाटलीतील साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. ती अंडी भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी बदलावे व बाटली आतून घासावी. दुसरे म्हणजे, पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. रांगत्या मुलांच्या आणि मांजरांच्या तोंडी तो लागू देऊ नये.

पाच-सहा हात लांब वेलाचे सहज सात-आठ तुकडे होतात, आणि छाटलेला वेल उलट अधिक दाट फुटतो. तेव्हा चोरण्याचे कारणच उरत नाही. विद्यार्थ्यांनी एकेक पेर पाण्यात ठेवून मूळ कोठून निघते ते स्वतः पाहावे, वहीत तारखेसह नोंदवावे, आणि तयार झालेले रोप शेजारच्या घरी आपण होऊन नेऊन द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.